ग्राफिक कार्ड घ्यायच्या आधी मॉनिटर बघा

सांगलीहून भाच्याने व्हॉट्सॲपवर एका कोटेशनचा फोटो पाठवला. दुकानाच्या पॅडवर निळ्या पेनाने लिहिलेलं. वर 'गेमिंग पीसी', त्याखाली दोन रेघा. मग ओळीने आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, 'आठ जीबी ग्राफिक', ५१२ जीबी एसएसडी, ४५० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट. फोटोखाली प्रश्न होता, "मामा, घेऊ का? दिवाळीत तो हेच कितीतरी स्वस्त सांगत होता."

आय सेव्हन कुठल्या पिढीचा, ते कागदावर नाही. 'आठ जीबी ग्राफिक' म्हणजे नेमकं कुठलं कार्ड, तेही नाही. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, कुठल्या कंपनीचा, पत्ता नाही. केटरिंगवाल्याने 'भाजी, गोड, भात' एवढंच लिहून पानाचा दर लावावा, तसला प्रकार. मी त्याला एकच विचारलं, "मॉनिटर कुठला लावणार आहेस?"

"आहे की, बाबांच्या ऑफिसातला जुना."

गोची तिथेच होती. पण आधी दुकानदाराची बाजू सांगतो, कारण रॅम महागली म्हणून भाव चढला, यात तो थापा मारत नव्हता.

रॅम एवढी कशाने महागली?

मेमरीच्या चिप्स जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांच्या कारखान्यात सिलिकॉनच्या चकत्यांवर आपल्या पीसीची रॅम तयार होते, आणि एआयच्या डेटा सेंटरला लागणारी एचबीएम नावाची खास मेमरीही तिथेच होते. तेवढ्याच जीबीसाठी एचबीएमला साधारण तिप्पट चकती लागते, पण ती विकून मिळतंही भरपूर. एक किलो खव्याला पाचेक लिटर दूध आटवावं लागतं. गावातलं दूध पेढेवाल्याने आगाऊ पैसे देऊन उचललं, की आपल्या चहाच्या दुधाचा भाव चढणारच.

२०२५ च्या उत्तरार्धात हेच झालं. डिसेंबरात तर मायक्रॉनने 'क्रुशल' हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे कित्येक पीसींमध्ये याच ब्रँडची रॅम बसलेली आहे. ग्राफिक कार्डावरची मेमरीही याच तीन कंपन्यांकडून येते, त्यामुळे जास्त मेमरीच्या कार्डांनाही ही झळ लागली.

यातून आपल्यापुरता एक धडा निघतो. घरात, नातेवाइकांकडे एखादा जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्यातली रॅम काढून बघा. डीडीआर४, म्हणजे आधीच्या पिढीची रॅम, असेल तर ती आज कामाची आहे. तिच्यावर चालणारा मदरबोर्ड निवडायचा, म्हणजे नव्या डीडीआर५ चे पैसे वाचले. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात, एकीची पट्टी दुसरीच्या बोर्डात बसत नाही, तेवढं लक्षात ठेवायचं. आणि १६ जीबी घेताना शक्यतो आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते मिळतात.

ग्राफिक कार्ड करतं तरी काय?

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेच्या आदल्या रात्री डोंबिवलीत, गिरगावात रस्त्यावर भली मोठी रांगोळी काढतात. दोन-चार जाणती माणसं खडू आणि दोरी घेऊन आखणी करतात. मोर कुठे, कमळ कुठे, बॉर्डर कुठून वळणार. मग पन्नास जण मांडी ठोकून बसतात. प्रत्येकाला एक कप्पा आणि एक रंग. अख्खं चित्र काय आहे हे त्यातल्या कुणाला कळलं नाही तरी चालतं, आपला कप्पा भरला की झालं.

प्रोसेसर म्हणजे ती आखणी करणारी जाणती माणसं. गेममध्ये शत्रू कुठून आला, गोळी कुणाला लागली, दार उघडलं की नाही, हा सगळा विचार त्याचा. अशी 'माणसं', म्हणजे कोअर, त्याच्याकडे बहुधा सहा-आठच असतात. ग्राफिक कार्डावरची मुख्य चिप म्हणजे जीपीयू. ही रंग भरणारी फौज. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० या मधल्या दर्जाच्या कार्डात असे ३,८४० छोटे कोअर आहेत. जीपीयू हा शब्दसुद्धा याच कंपनीने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ हे कार्ड बाजारात आणताना लोकांच्या तोंडी बसवला.

फरक एवढाच की ही रांगोळी एकदा काढून भागत नाही. काढायची, पुसायची, पुन्हा काढायची, सेकंदाला साठ वेळा. अशी एक रांगोळी म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील तर एकीला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर सातच्याही आत.

आणि रंगाच्या वाट्या? त्या हाताशीच हव्यात. कार्डावर स्वतःची मेमरी असते, ती व्हीरॅम. गेममधल्या भिंतींचे पोत, चेहरे, गवत, कपडे हे सगळे रंग त्यात भरून ठेवलेले असतात. वाटी जवळ नसेल आणि दर चिमटीला उठून कोपऱ्यावरच्या दुकानात जावं लागत असेल, तर पन्नास काय, पाचशे माणसं बसवून उपयोग नाही.

मॉनिटरपासून उलटं मोजा

आता ही रांगोळी केवढी काढायची, हे मॉनिटर ठरवतो. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, साधारण २० लाख ७३ हजार. त्याच्या वरचा १४४०पी, म्हणजे २५६० गुणिले १४४०, ३६ लाख ८६ हजार. (दुकानात याला 'टू के' म्हणतात. चुकीचं आहे, पण तसंच विचारा, नाहीतर समोरच्याला कळत नाही.) फोर के म्हणजे ८२ लाख ९४ हजार, फुल एचडीच्या बरोब्बर चौपट. तोच गेम, तेच कार्ड, आणि रंगवायचं अंगण चौपट.

दुसरी गोष्ट म्हणजे रिफ्रेश रेट. मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो, ते हर्ट्झमध्ये लिहिलेलं असतं. साठ हर्ट्झच्या मॉनिटरला कार्डाने दीडशे फ्रेम पाठवल्या तरी तो दाखवणार साठच. माऊस हलवल्यावर चित्र थोडं लवकर हलल्यासारखं वाटतं, ते सोडलं तर बाकीचा खर्च पाण्यात.

भाच्याचा 'बाबांच्या ऑफिसातला' मॉनिटर निघाला १८.५ इंची, १३६६ गुणिले ७६८, साठ हर्ट्झ. म्हणजे साडेदहा लाख ठिपके, फुल एचडीच्या निम्मे. त्यावर मागे एकच जोडणी, ती निळी व्हीजीए. आजच्या गेमिंग कार्डांवर व्हीजीएचं भोकच नसतं! पन्नास हजारांचं कार्ड घेऊन तो हजार रुपयांचे कन्व्हर्टर शोधत बसला असता.

म्हणून माझा हिशेब असा. आधी मॉनिटर ठरवा, त्यावरून कार्ड, कार्डावरून एसएमपीएस आणि प्रोसेसर, आणि कॅबिनेट सगळ्यात शेवटी. दुकानात नेमकं उलटं चालतं, कारण काचेचं रंगीत दिव्यांचं कॅबिनेट समोर मांडलेलं असतं.

फक्त व्हॅलोरंटसारखे हलके गेम खेळायचे असतील तर वेगळ्या कार्डाशिवायही निभतं. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी या प्रोसेसरमध्येच कामापुरतं ग्राफिक असतं. दोन रॅम पट्ट्या मात्र इथे हव्यातच, कारण या ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतं. फुल एचडी आणि १४४ हर्ट्झवर सगळे गेम खेळायचे असतील तर आरटीएक्स ५०६०, एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी किंवा इंटेलचं आर्क बी५८० या रांगेत बघा. १४४०पीला १६ जीबीचं ९०६० एक्सटी किंवा ५०६० टीआय इथून सुरुवात करून ५०७०, ९०७० पर्यंत. फोर के हा पगार सुरू झाल्यावरचा विषय आहे.

एकूण बजेटचा एक तृतीयांश ते चाळीस टक्के कार्डाला, असा माझा ढोबळ हात आहे. मॉनिटर धरून.

कार्डाच्या नावातली मेख

५०६० हा आकडा दोन तुकड्यांत वाचायचा. '५०' ही पिढी, '६०' हा त्या पिढीतला दर्जा. पिढी म्हणजे गाडीचं मॉडेल कुठल्या साली आलं, दर्जा म्हणजे ती हॅचबॅक आहे की एसयूव्ही. नवी हॅचबॅक जुन्या एसयूव्हीपेक्षा ताकदवान असेलच असं नाही. २०२० चं ३०७० हे २०२३ च्या ४०६० ला बहुतेक गेममध्ये मागे टाकतं, आकडा लहान असूनही.

इथपर्यंत ठीक. मेख पुढे आहे. एकाच नावाखाली वेगवेगळा माल विकला जातो. आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचं कार्ड होतं, मग त्याच नावाने आठ जीबीचं आलं. त्यात नुसती मेमरी कमी नव्हती, मेमरीकडे जाणारा रस्ताही १९२ बिटवरून १२८ बिटवर आणलेला होता. ३०५० चंही तसंच. सहा जीबीवाल्यात कोअरही कमी, रस्ताही अरुंद. २०२२ मध्ये एनव्हिडियाने '४०८० १२ जीबी' नावाचं कार्ड जाहीर केलं, जे खऱ्या ४०८० पेक्षा बरंच उणं होतं. एवढी ओरड झाली की ते बाजारात येण्याआधीच मागे घेतलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच कार्ड ४०७० टीआय या नावाने आलं. एएमडी साधी नाही. ७८०० एक्सटीनंतर त्यांनी एकदम ९०७० एक्सटी असा आकडा घेतला, म्हणजे ग्राहकाने शेजारच्या ५०७० शी बरोबरी लावावी.

म्हणून कोटेशनवर कार्डाचं पूर्ण नाव, त्यापुढे व्हीरॅम आणि कंपनीचा मॉडेल नंबर लिहून मागायचा. लिहून देत नसेल तर पुढचं दुकान.

"आठ जीबी म्हणजे पुष्कळ झालं की!"

२०१६ मध्ये एएमडीचं आरएक्स ४८० हे कार्ड आठ जीबीसह २३९ डॉलरला आलं होतं. २०२५ मध्ये ५०६० आलं, २९९ डॉलरला, आठच जीबीसह. मधल्या नऊ वर्षांत गेम कुठल्या कुठे गेले. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये २०२० पासून १६ जीबी मेमरी आहे. ती प्रोसेसर आणि ग्राफिकने वाटून घ्यायची असते, पण मोठे गेम बनतात ते या मापाने. मग पीसीवर आले की आठ जीबीच्या कार्डाला घट्ट होतात.

मेमरी भरली की कार्ड रंग आणायला मुख्य रॅमकडे धावतं. ५०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी पुरवते. मदरबोर्डमधून रॅमकडे जाणारा कार्डाचा रस्ता, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस, आठ पदरी. बोर्डावर हा रस्ता चौथ्या पिढीचा असेल तर तो सेकंदाला साधारण १६ जीबी देतो, जुन्या बोर्डावर तिसऱ्या पिढीचा असेल तर आठच. म्हणजे एक्स्प्रेसवेवरून थेट बोगद्याच्या बाजूच्या बैलगाडीच्या वाटेवर. गेम बंद पडत नाही. सरासरी फ्रेमही ठीकठाक दिसतात. पण वळणावर, नव्या खोलीत शिरताना चित्र क्षणभर अडकतं, किंवा समोरची भिंत शेणाने सारवल्यासारखी सपाट दिसते. यूट्यूबवर कार्डांची तुलना बघाल तेव्हा सरासरीच्या शेजारी 'एक टक्का लो' असा आकडा असतो. सगळ्यात अडखळलेल्या क्षणांचं माप. मी आधी तो बघतो.

"पण माझा मित्र आठ जीबीवर सगळं खेळतो," असं भाचा म्हणालाच. खेळत असेल. फुल एचडी ठेवा, गेमच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर एक पायरी खाली आणा, आठ जीबी आजही चालतं. बजेट खरंच तुटपुंजं असेल तर खुशाल घ्या. पण तेच कार्ड आठ आणि सोळा अशा दोन्ही रूपांत मिळत असेल (५०६० टीआयच्या वेळी दोन्हींत ५० डॉलरचा फरक होता) आणि चार वर्षं वापरायचं असेल, तर मी सोळाच घेईन, त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली आणावा लागला तरी.

उलटी फसवणूकही होते. 'चार जीबी ग्राफिक' म्हणून आजही काही ठिकाणी जीटी ७३० विकतात. कार्ड २०१४ चं. पिंपभर रंग आणि भरायला एकच माणूस.

बॉक्सवरच्या 'तिप्पट, चौपट' फ्रेम

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी मंचावरून सांगितलं की ५४९ डॉलरचं ५०७० आता ४०९० ची कामगिरी देईल. ४०९० ची मूळ किंमत १,५९९ डॉलर. ऐकून लोकांनी जुनी कार्डं विकायला काढली. त्या दाव्यामागे दोन युक्त्या आहेत, एक चांगली आणि एक जपून वापरायची.

चांगली युक्ती अशी की रांगोळी लहान काढायची आणि मग हुशारीने मोठी करायची. एनव्हिडियाची डीएलएसएस, एएमडीची एफएसआर, इंटेलची एक्सईएसएस, तिन्ही हेच करतात. १४४०पीच्या मॉनिटरवर 'क्वालिटी' सेटिंग लावली की कार्ड प्रत्यक्षात सुमारे १६ लाखच ठिपके रंगवतं, बाकीचे अंदाजाने भरले जातात, आणि बऱ्याचदा डोळ्याला कळतही नाही. मॉनिटर फुल एचडी असेल तर मूळ चित्रच ७२०पी इतकं बारकं होतं, तिथे मात्र केस, तारा, जाळ्या थोड्या कुरतडल्यासारख्या दिसतात. डीएलएसएसचा हा भाग अगदी २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपासून चालतो. एएमडीची सुधारलेली एफएसआर ४ आली तेव्हा अधिकृतपणे ९००० मालिकेसाठीच होती.

दुसरी युक्ती फ्रेम जनरेशन. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्ड एक किंवा जास्त काल्पनिक फ्रेम घुसवतं. चित्र गुळगुळीत दिसतं. पण तुम्ही बटण दाबलंत त्याचा परिणाम खऱ्या फ्रेममध्येच होतो, आणि मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते, म्हणजे थोडं थांबणंही आलं. मुळात साठ खऱ्या फ्रेम असतील तर गंमत येते. मुळात तीसच असतील आणि स्क्रीनवर १२० दिसत असतील, तर डोळ्याला १२० आणि हाताला तीस. व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक खेळणाऱ्याने तर याच्या वाटेलाच जाऊ नये.

रे ट्रेसिंगचं एका वाक्यात. पणतीचा उजेड कुठे पडेल ते आधीच रंगवून ठेवण्याऐवजी प्रत्येक किरण मोजत जाणं. दिसतं सुंदर, कार्डाला घाम फोडतं. मधल्या दर्जाच्या कार्डावर मी ते बंदच ठेवतो.

"आय सेव्हन सोडून आय फाइव्ह? गंमत करतोस?"

आय सेव्हन हा दर्जा झाला, साल नव्हे. आय सेव्हन ४७७० हा २०१३ चा प्रोसेसर. ऑफिसांनी भंगारात काढलेली अशी मशिनं पुसून, आत एक कार्ड घालून 'गेमिंग पीसी' म्हणून विकतात. २०२२ चा साधा आय थ्री १२१०० त्याला आरामात हरवतो. शिवाय विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत.

गेमला खूप कोअर लागत नाहीत, थोडे पण चपळ लागतात. सहा कोअरचा रायझन ५ ५६०० किंवा आय फाइव्ह १२४००एफ मधल्या दर्जाच्या कार्डाला पुरून उरतो, आणि दोघांनाही डीडीआर४ चालते. नवी रॅम घ्यायचीच असेल तर रायझन ५ ७६००, कारण त्याच्या एएम५ सॉकेटवर पुढचे प्रोसेसर बसवता येतात. एक्स३डी नावाचे प्रोसेसर गेमसाठी अफलातून आहेत, पण त्यांचा खरा फायदा दोनशे-तीनशे फ्रेम खेचणाऱ्याला.

'बॉटलनेक'ची, म्हणजे एका भागापायी दुसरा अडून राहण्याची, भीती हल्ली फार पसरली आहे. वेबसाइटवर दोन नावं टाकून टक्केवारी काढणारे कॅल्क्युलेटर मनावर घेऊ नका. गेम चालू करून कार्डाचा वापर किती टक्के दाखवतोय ते बघा. पंचाण्णवच्या पुढे असेल तर कार्ड पूर्ण राबतंय, प्रोसेसर पुरेसा आहे. साठावर रेंगाळत असेल तर आखणी करणारे मागे पडलेत आणि रंगवाले हात चोळत बसलेत. जुन्या मशिनवर आर्क बी५८० लावताना हे विशेष जपा. त्याला 'रिसायझेबल बार' ही बोर्डाची सोय लागते आणि जुन्या प्रोसेसरवर त्याचा दम कमी पडतो.

एसएमपीएस, ज्याला कुणी विचारत नाही

माझ्या पहिल्या असेंबल्ड पीसीची गोष्ट. रोज संध्याकाळी गेम सुरू करून अर्धा तास झाला की मशिन फटकन बंद. आधी वाटायचं लाइट गेली. पण डोक्यावर पंखा गरगर फिरत असायचा. विंडोज पुन्हा टाकलं, रॅम पुसून बसवली, कार्ड बदलून आणलं. महिनाभराने एका ओळखीच्या रिपेअरवाल्याने कॅबिनेटची बाजू उघडली, एसएमपीएसच्या स्टिकरवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "वाच."

वर ठळक अक्षरात ४५० वॅट. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही जगतात ते याच बारा व्होल्टवर. बाकीचे वॅट ज्या रकान्यांत होते त्यांचा मला काडीचा उपयोग नव्हता. तेव्हापासून मी दुकानात एसएमपीएस हातात घेऊन तो गुणाकार करतो. उत्तर स्टिकरवरच्या वॅटच्या जवळपास यायला हवं.

५०६० ला १४५ वॅट लागतात, १६ जीबीच्या ९०६० एक्सटीला १६०, ५०७० ला २५०. पहिल्या दोघांना चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो, ५०७० ला ६५० घ्या. '८० प्लस ब्राँझ', 'गोल्ड' ही पदकं वीज किती वाया जाते ते सांगतात, आतले भाग किती टिकाऊ आहेत ते सांगत नाहीत. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे ते विचारायचं. पाच वर्षं देणाऱ्याला स्वतःच्या मालावर भरवसा असतो.

यूपीएसचंही असंच. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. गेम चालू असताना मॉनिटर धरून मशिन तेवढं खाऊ शकतं, मग लाइट गेल्याबरोबर यूपीएसही मान टाकतो. बिलाची धास्ती घरच्यांना असते, तर तोही हिशेब देतो. ३५० वॅट, रोज तीन तास, तीस दिवस, साडेएकतीस युनिट.

आणि ऊन. अकोल्याला, चंद्रपूरला मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते. कार्ड आतली गरमी त्याच हवेत सोडतं. समोरून काचबंद कॅबिनेट दिसायला देखणं, पण त्यात कार्ड उकडून निघतं आणि स्वतःचा वेग कमी करतं. समोर जाळी असलेलं घ्या. घ्यायच्या आधी कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये बघा. तीन पंख्यांची बरीच कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात आणि लहान कॅबिनेटमध्ये शिरत नाहीत.

लॅपटॉप, सेकंडहँड आणि अमेरिकेतली मावशी

लॅपटॉपमधलं कार्ड नावाने तेच, पण अंगाने वेगळं. डेस्कटॉपच्या ४०९० ला २४ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपच्या ४०९० ला १६, आणि आतली चिपही खालच्या दर्जाची. लॅपटॉपच्या ४०६० ला कंपनी ३५ ते ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते, म्हणून वॅट विचारल्याशिवाय घेऊ नका. हॉस्टेलवर राहायचं असेल तर लॅपटॉपला पर्याय नाही, हे मान्य.

सेकंडहँड कार्डाला नाक मुरडायचं कारण नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि कार्डांवर ते नाणं खणण्याचा धंदा बसला. तेव्हा बाजारात ढिगाने आलेली कार्डं अजून फिरताहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात घ्यायला गेलात तर समोर अर्धा तास जड गेम चालवून दाखवायला सांगा. पंख्यांचा आवाज ऐका, बिल आणि सिरीयल नंबर जुळवा. मूळ बिल असेल आणि वॉरंटी शिल्लक असेल तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही.

मावशीकडून मागवताना तिकडची किंमत बघून हुरळून जाऊ नका. अमेरिकेतल्या किमतीत तिथला सेल्स टॅक्स धरलेला नसतो, आपल्याकडच्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो. विमानतळावर कस्टमची मर्यादा आहे. आणि बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात घेतलं तिथेच चालते. कार्ड बिघडलं की मावशीच्या पुढच्या फेरीची वाट बघायची.

शेवटी भाच्याने काय घेतलं

आय सेव्हन उडाला. त्याच्या आतेभावाच्या जुन्या डेस्कटॉपमधून डीडीआर४ च्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या निघाल्या, म्हणून रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, १६ जीबीचं ९०६० एक्सटी, ६५० वॅटचा एसएमपीएस. कॅबिनेट काळं, जाळीचं, दिवा एकही नाही. यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मॉनिटर नवा, २४ इंची फुल एचडी, १४४ हर्ट्झ. दुकानदाराने नवं कोटेशन मात्र व्यवस्थित, मॉडेल नंबरांसकट लिहून दिलं. मागितलं की देतात.

जोडणी त्याने स्वतःच केली. मी आधीच सांगून ठेवलं होतं, कूलरच्या बुडाचं प्लास्टिक काढ, आणि विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवड. मी स्वतः नवा मॉनिटर चार महिने साठ हर्ट्झवर वापरला होता आणि वर मित्रांना फरक कसा जाणवतो ते ऐकवत होतो.

रविवारी रात्री अकराला फोन. "मामा, पंखे फिरतायत, पण मॉनिटरवर नो सिग्नल."

"केबल कुठं लावलीस?"

"मागं. वरच्या भोकात."

"ते मदरबोर्डचं. तुझ्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक नाही. खाली आडवी भोकं आहेत बघ, कार्डाची."

थोडा वेळ नुसतीच खुडबुड. कुठेतरी स्टूल सरकलं, मागून ताई झोपायला सांगत होती.

"आलं! आलं... मामा, ते हर्ट्झचं कुठं बदलायचं म्हणालेलास?"